नाकतोड्यांचे दिवस

विहिरीत मासे अवीनं सोडले, हे बाबांना मीच जाऊन सांगितलं होतं. किसनकाकानं नाही. हे वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही, आणि सगळ्यात आधी ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं त्या माझ्या धाकट्या भावाजवळ, अवीजवळ, तर नाहीच. आता पंधरवड्यानं मी त्याच्याकडे निघालो आहे. अमेरिकेत, मोंटानात, गार नदीत मांडीभर पाण्यात उभं राहून ट्राउट नावाचे मासे धरायला. जाऊन हे सांगायचं आहे, हे मला माहीत आहे. आणि तरीही, खोटं कशाला बोलू, आनंद पोटात मावत नाही.

काल संध्याकाळी बॅग उघडी टाकून बसलो होतो. आत अजून फारसं काही नव्हतं. जाड लोकरी मोजे आणि एक टोपी. खिडकीतून एक नाकतोडा आला आणि नेमका मोज्यावर बसला. हिरवागार, मागचे पाय दुमडलेले, मिशा हलवत. पोळा नुकताच झाला आहे. आमची कॉलनी यवतमाळच्या पार टोकाला, कंपाउंडच्या पलीकडे सोयाबीन. या दिवसांत दिवे लागले की किडे घरात येणारच. वैशाली झाडू घेऊन आली.

"थांब, मारू नको त्याले."

"मारून कोण राह्यलं? बाहेर टाकते."

"बसू दे. त्यानंच तं बोलावलं मले तिकडं."

ती झाडू धरून माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्या तोंडून असं काही ऐकलेलं नाही. मी मोजणी खात्यातला माणूस. लोकांचे बांध मोजतो, खुणा दाखवतो, सही घेतो, निघतो. कमी बोलणारा म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी फार जपली आहे. कमी बोलणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

"काही खरं नाही तुमचं," ती म्हणाली आणि नाकतोड्याला तसाच ठेवून गेली.

शाळेत आम्हाला तीन ऋतू शिकवले. अवीचा आणि माझा चौथा होता. पोळा झाला की लागायचा आणि दसऱ्याला संपायचा. त्या दिवसांत नदी निवळते. महिनाभर चहासारखं वाहिलेलं पाणी हळूहळू खाली बसतं आणि एके दिवशी तळाचे गोटे दिसायला लागतात. जणू कुणी रात्रीतून काच पुसून ठेवली आहे. काठाचं गवत कमरेच्या वर आलेलं असतं. तेव्हा आमच्याकडे सोयाबीन नव्हतं. मूग-उडीद निघालेले, ज्वारीचं कणीस अजून पोटरीत, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पहिली फुलं. दुपारी वारा सुटायचा. गवतातून चाललं की पुढे नाकतोड्यांचा फवारा उडायचा, टिकटिक टिकटिक, आणि वाऱ्याचा झोत आला की त्यातले काही थेट पाण्यात. पाण्यावर पडलेला नाकतोडा वेड्यासारखे पाय मारतो. मारू दे. आम्ही श्वास धरून बघायचो. तो डोहाच्या वळणाशी यायचा आणि खालून कुणीतरी, घाई न करता, त्याला आत घ्यायचं. गुळुक. नंतर फक्त एक गोल, मोठा मोठा होत जाणारा.

तो गोल मी गेल्या वर्षी फोनवर पाहिला.

अवीचा व्हिडिओ कॉल आला होता. माझा सकाळचा चहा होतो तेव्हा त्याच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. तो नेहमी घरून बोलतो, जेवलास का, तब्येत कशी, वहिनी काय म्हणते, झालं. त्या दिवशी तो बाहेर होता. म्हणाला, "दादा, बोलू नको. फक्त पाह्य." त्यानं फोन फिरवला. पिवळं वाळलेलं गवत, मागे निळे डोंगर, त्यांच्या माथ्यावर अजून थोडं बर्फ, आणि खाली नदी, इतकी स्वच्छ की तिला रंगच नव्हता. वारा सुटला. गवतातून काहीतरी उडालं आणि पाण्यावर पडलं. फोन हलत होता, पण मला दिसलं. पाय मारत मारत तो एका मोठ्या दगडाच्या मागच्या शांत पाण्यात आला. गुळुक.

आवाज फोनमधून आला नसेल. मी मात्र ऐकला.

"ओळखलं?" अवीनं विचारलं.

मी मान हलवली. चहा सांडला होता.

"इकडे बी असतात नाकतोड्यांचे दिवस. मले इकडं येऊन किती वर्षं झाले, पण पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा एकदम तूच आठवला. येतो काय? एकदा ये बे दादा. आता नाही तं कधी?"

मी 'हो' म्हणालो. विचार न करता. आयुष्यात मी फार थोड्या गोष्टींना विचार न करता हो म्हटलं आहे.

त्यानंतरचे हे महिने! एखाद्या पोराला जत्रा कबूल करावी तसं माझं झालं आहे. अवीनं त्याच्या भागातल्या नद्यांचे नकाशे पाठवले. नकाशा हा माझा प्रांत. उंचीच्या रेषा जिथे जवळ आल्या तिथे पाणी उतरणार, जिथे लांब गेल्या तिथे पसरणार, वळणाच्या बाहेरच्या अंगाला डोह असणार. सकाळी फोनवर मी त्याला सांगतो, "हे जे उत्तरेकडचं वळण आहे नं, तिथं काठाखाली पोकळी असली पाहिजे." तो म्हणतो, "आहे. तिथंच मी गेल्या साली एक लाल गळ्याचा ट्राउट घालवला. घरी बसून कसं काय सांगून राह्यला तू?" मग आम्ही दोघं हसतो. बेत दर आठवड्याला बदलतो. आधी मोठी नदी, होडीतून. मग नाही, आधी लहान ओढा, दादाचा हात बसू दे. मग पुन्हा मोठी नदी, कारण नाकतोडे मोठ्या नदीवर जास्त आणि थंडी लवकर पडली तर ते मरतील. अमेरिकेतल्या एका डोंगराळ भागात या आठवड्यात पहाटे किती गारठा आहे हे मी यवतमाळात बसून रोज बघतो. आमच्याकडे घामानं पाठ ओली, आणि मी तिकडच्या थंडीची काळजी करतो आहे.

ही मासेमारी आपल्या गळासारखी नाही. आपल्या गळाला वजन असतं. खडा, शिसं, काहीतरी. ते फेकलं की दोरी मागून जाते. इथे गळाला वजनच नाही. दोरा आणि पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा, फुंकरीनं उडेल असा. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. फेकायची ती दोरी, किडा तिच्या मागून मुकाट जातो आणि पाण्यावर खऱ्यासारखा उतरतो. काठी मागे न्यायची, थांबायचं, दोरी पाठीमागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढे. सगळं त्या थांबण्यात आहे. मला ते जमत नाही. मी घाई करतो.

"मनगट नको वाकवू," अवी फोनवरून ओरडतो. मी फोन पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलेला असतो आणि गच्चीवर काठी घेऊन उभा असतो. "अन् मागं दोरी सुटली का नाही ते पाह्य. मागं पाह्यल्याशिवाय पुढं नाही जाता येत, दादा."

त्याला त्याचा दुसरा अर्थ माहीत नाही. मी मनगट सरळ करतो.

पहिल्याच आठवड्यात माझी दोरी शेजारच्या देशमुखांच्या डिशला गुंडाळली गेली. नेमका क्रिकेटचा सामना चालू होता. देशमुख गच्चीवर आले. मी साठीकडे झुकलेला सरकारी माणूस, हातात नऊ फुटांची काठी.

"साहेब, हे काय करून राह्यले?"

"मासे धरायचा सराव."

ते आभाळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. पण आमच्या डिशमधले मासे सोडा, दोन ओव्हर राहिल्या."

तेव्हापासून लांब दोरी फेकायला मी सकाळी लवकर मैदानावर जातो. फिरायला येणारी मंडळी लांबून वळसा घालतात.

आणि नाकतोडे. ते मी स्वतः बनवतो आहे. अवीनं म्हटलं होतं, इथं दुकानात ढिगानं मिळतात. पण मी म्हटलं नाही, आपल्याकडचा नाकतोडा मी घेऊन येईन. जुन्या हवाई चपलेच्या रबराची पट्टी कापली, तो देह. मिशांना झाडूच्या काड्या. पायांना रबरबँड, मधोमध एक गाठ मारायची, की गुडघा तयार होतो. त्या गाठीसाठी मी तीन चष्मे बदलून पाहिले. पंखांना कोंबड्याची पिसं हवी होती, म्हणून चिकनच्या दुकानात गेलो. दुकानदार मला ओळखतो, त्याच्या प्लॉटची मोजणी मीच केली होती. आमच्या घरात काय चालतं आणि काय नाही हेही त्याला ठाऊक.

"साहेब, तुम्ही? इथं?"

"पिसं पाहिजे होती. मानेची. लालसर."

"पिसं?" त्यानं हात पुसले. "कोंबडी नको, फक्त पिसं? घ्या, जेवढे पाहिजे तेवढे. पण काहून?"

"नाकतोडा बनवून राह्यलो."

त्यानं पिशवीभर पिसं दिली आणि एक अक्षर पुढे विचारलं नाही. मात्र मी वळल्यावर त्यानं आतल्या माणसाला हळूच काय सांगितलं असेल याचा मला अंदाज आहे.

वैशालीला मी मासे धरायचो हेच मुळी माहीत नव्हतं. तिला हे सगळं या वर्षी कळलं.

"खाणार तर नाही नं तुम्ही?"

"नाही गं. धरायचे अन् सोडून द्यायचे. हात आधी पाण्यात ओला करायचा, कोरडा हात लागला तर त्याच्या अंगावरची साय जाते. गळाचा उलटा काटा सुद्धा दाबून टाकतात, म्हणजे तोंड फाटत नाही."

"धरायचे अन् सोडून द्यायचे."

"हो."

"त्यासाठी अमेरिकेला?"

मी हसलो. ती पण हसली. मग म्हणाली, "एवढे खुश तुम्ही आपल्या लग्नात बी नव्हते." आणि जाता जाता, माझ्याकडे न बघता, "अवीभाऊजींचं नाव निघालं की एरवी तुम्ही उठून आत जाता. यंदा जात नाही. बरं वाटते."

तिच्या लक्षात येत होतं तर. इतकी वर्षं.

आम्ही तेव्हा नेरला राहायचो. बाबा कोर्टात नाझर. शेत गावाबाहेर, सायकलनं जाण्यासारखं. खाली नदी, वर विहीर. नदीचं नाव सांगून उपयोग नाही, नकाशात भिंग लावून शोधावं लागतं. अवी माझ्याहून तीन वर्षांनी लहान. वेळूची काडी, शिवणाचा दोरा, बाजारातून आणलेला गळ आणि नाकतोडा. एवढ्या सामानावर आम्ही राजे होतो. पण धरलेल्या माशाचं करायचं काय? घरात अंड्याचं नाव काढलं तरी बाबांची भुवई वर जायची. खायचा प्रश्न नाही, विकणं कळत नव्हतं, आणि परत नदीत टाकायचा म्हटलं तर जीव होत नसे. एवढ्या मेहनतीनं मिळालेला! विहिरीची कल्पना माझी. "आपल्या विहिरीत सोडू. म्हणजे ते आपलेच राहतील." बादलीत पाणी घ्यायचं, मासा टाकायचा आणि चढण चढून विहिरीवर न्यायची. एक कडी अवी धरायचा, एक मी; दम लागला की मी सोडून द्यायचो आणि तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून ओढत न्यायचा. पाणी त्याच्या चड्डीवर सांडायचं. प्रत्येक माशाचं तोंड पाहून तो नाव ठेवायचा. एक मोठा मरळ होता, चपट्या डोक्याचा, सगळ्यांकडे रागानं बघणारा. त्याचं नाव हेडमास्तर. "जा हेडमास्तर," तो म्हणायचा आणि बादली उलटी करायचा. खालून, काळोखातून, आवाज यायचा. मग आम्ही पालथे पडून किती वेळ आत बघत राहायचो.

आमच्या घरची एक रीत होती. नवरात्रात घटाचं पाणी शेतातल्या विहिरीचंच लागे. नळाचं नाही, गावातलं नाही. आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा किसनकाका, सकाळी बैलबंडीतून तांब्याच्या गुंडात ते घेऊन यायचा, तोंडाला ओलं फडकं बांधून. ही रीत मला जन्मापासून माहीत होती. आणि तरी त्या पावसाळ्यात बादल्या वाहून नेताना, एकदाही, माझ्या डोक्यात हे आलं नाही.

घटस्थापनेची सकाळ. बाबा सोवळं नेसून पाटावर. परडीत शेतातली माती. आईनं गुंड उचलला आणि कलशात धार धरली. धारेबरोबर बोटभर लांबीचा एक पांढरा मासा आला, कलशात पडला आणि गरगर फिरायला लागला.

आईला हसू आलं. तिनं लगेच पदर तोंडाला लावला, पण मी पाहिलं. बाबांनी कलशात वाकून बघितलं. पाणी परत पाठवलं, दुसरं आणायला सांगितलं. किसनकाका पुन्हा बंडी जुंपून गेला. दुसऱ्या गुंडात दोन निघाले.

"मालक," किसनकाका दारातूनच म्हणाला, "इहिरीत तं बजारच भरला हाये."

आई उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता, हसताना येतो तसा.

"कोणी केलं हे?" बाबांनी विचारलं. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत. अवीनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.

दुपारी बाबा मागच्या अंगणात बाजेवर बसले होते, उपाशी. मी गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. अवी आधी जाऊन माझं नाव घेईल ही एकच भीती मनात होती. मी म्हणालो, "बाबा, अवीनं सोडले ते." 'अन् मी' हे दोनच शब्द पुढे जोडायचे होते. ते जोडले नाहीत.

त्यांनी अवीला बोलावलं. मी दाराआड उभा.

"संगं कोण होतं?"

"कोणी नाही. मी एकटाच."

"भरली बादली तू एकट्यानं उचलली?"

"हो."

एवढंच. मारलं नाही, ओरडले नाहीत. दिवाळीनंतर अवीला अमरावतीला मामाकडे पाठवायचं ठरलं. तिथं शाळा चांगली, शिस्त लागेल, असं घरात बोललं गेलं. नेरच्या स्टँडवर मी त्याची ट्रंक उचलून गाडीत ठेवली. तो खिडकीतून वाकला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "दादा, मी तुहं नाव नाही सांगतलं. किसनकाकानंच चुगली केली. त्यानं मले बादली नेताना पाह्यलं होतं." गाडी सुरू झाली तेव्हा तो मोठ्यानं ओरडला, "हेडमास्तरवर ध्यान ठेवजो!"

गाडीतल्या लोकांना वाटलं असेल, काय धीट पोरगा आहे.

एकदा दूर गेलेलं मूल मग दूरच जात राहतं. मामाकडून हॉस्टेल, हॉस्टेलवरून पुणे, पुण्यावरून तिकडे. घरी यायचा तो पाहुण्यासारखा. पाणी मागून घ्यायचा. किसनकाकाशी तो पुन्हा बोलला नाही. काका एकदा मला म्हणाला, "धाकले मालक माह्यासंगं बोलत नाहीत. माहं काई चुकलं काय?" मी म्हणालो, "नाही काका, तो तसाच आहे." किसनकाका आता नाही. त्याच्यापुढे बोलायचं ते राहूनच गेलं.

मागच्या रविवारी काठी घेऊन शेतावर गेलो. घाई केली नाही. नदीत उतरलो, गुडघाभर. पाणी निवळलं होतं. धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत वाऱ्यानं आडवं होत होतं, आणि मी चपलेच्या रबराचा, रबरबँडच्या गुडघ्यांचा, चिकनच्या दुकानातल्या पंखांचा माझा नाकतोडा दोरीला बांधला. काठी मागे नेली. थांबलो. या वेळी खरंच थांबलो. मान वळवून बघितलं, दोरी पाठीमागे हवेत सरळ लांब झाली, क्षणभर तशीच टांगून राहिली. मग पुढे. नाकतोडा डोहाच्या वळणावर उतरला, कसा उतरला काय सांगू, पान गळावं तसा. दोन हात वाहिला. गुळुक.

मी ओरडलो. एकटाच, नदीत उभा राहून, या वयात, जोरात. पलीकडे बैल चारणारा माणूस उभा राहून बघायला लागला. मासा मोठा नव्हता, वीतभर. हात ओला केला, गळ काढला, धरून ठेवला पाण्यातच, प्रवाहाकडे तोंड करून, अवीनं सांगितलं होतं तसा. त्याचे कल्ले उघडत-मिटत होते. मग तो नव्हता. हात मात्र अजून तसाच धरलेला.

तिथूनच अवीला फोन लावायचा होता. तिकडे रात्र असेल म्हणून लावला नाही. वर चढून विहिरीवर गेलो.

आता बोअर झालं आहे, विहिरीचं पाणी कुणी घेत नाही, घटालाही नाही. त्या वर्षी बाबांनी विहीर उपसून घेतली होती, पण मरळ कपारीत शिरून राहतो, वरून हवा घेतो, तो काही असा जात नाही. मी पालथा पडून आत बघितलं. काळ्या पाण्यात बराच वेळ काही नाही. मग एक चपटं डोकं वर आलं, श्वास घेतला, रागानं इकडे तिकडे बघितलं आणि खाली गेलं. हेडमास्तरचा नातू असेल, पणतू असेल.

बाबा निवृत्त झाल्यावर रोज शेतावर जाऊन या विहिरीच्या काठावर बसायचे. एकदा मी त्यांना न्यायला गेलो तर ते खिशातून पोळीचे तुकडे काढून आत टाकत होते. मला बघून थांबले नाहीत.

"जित्ते आहेत अजून," ते म्हणाले. मग पाण्याकडेच बघत, "तू बी होता."

हा प्रश्न नव्हता.

"एवढी बादली एकटं पोरगं उचलते काय? मले तेव्हाच समजलं. अवी खोटं बोलला, डोळ्याला डोळा देऊन. तुह्यासाठी. आणि तू आधीच येऊन त्याचं नाव सांगून गेलता. मले भेव वाटलं. हा पोरगा तुह्या सावलीत राह्यला तर जन्मभर तुहंच उचलत राहील. म्हणून धाडला त्याले. रागानं नाही धाडला. तो घरात नव्हता तर माह्या गळ्याखाली घास उतरत नव्हता." शेवटचा तुकडा त्यांनी हातातच चुरला. "त्याले सांगजो कधी. माह्याच्यानं नाही होत."

मी म्हणालो, "सांगीन."

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. अवी आला, तेराव्यापर्यंत राहिला, माझ्या शेजारी त्याच अंगणात झोपला. मी सांगितलं नाही. कारण तो निरोप एकटा देताच येत नाही. बाबांना कसं समजलं, असं तो विचारणार, आणि मग किसनकाकावरचा आळ उठणार आणि मी उरणार. माझी चूक लपवण्यासाठी मी बाबांचे शब्दही दाबून ठेवले. नाव सांगितलं तेव्हा मी पोर होतो. हे दुसरं केलं तेव्हा माझे केस पांढरे होत आले होते.

गेल्या महिन्यात अवी फोनवर त्याच्या काठ्या दाखवत होता. ही दादाची, ही माझी, ही मोडली तर तिसरी. मध्येच हसत म्हणाला, "बाबांले मी नकोच होतो, नाही का रे? पण चांगलंच झालं. घरी ठेवला असता तं नाझर झालो असतो." तो हसत होता. मीही हसलो.

आज सकाळी पुन्हा फोन. "दादा, गवत पिवळं झालं. नाकतोडे असे उडून राह्यले का विचारू नको. तू यायच्या आत संपायले नको फक्त!" मी म्हटलं, "त्यांना थांबव. मी निघालोच." त्यानं माझ्यासाठी छातीपर्यंत येणारी रबरी विजार आणून ठेवली आहे, ती अंगाला लावून नाचून दाखवली. पन्नाशी उलटलेला माणूस. मी बॅगेत डबी ठेवली. तिच्यात कापसावर बारा नाकतोडे, गुडघे दुमडून बसलेले. झाकण लावलं आणि परत उघडून बघितलं. रोज बघतो.

बेत पक्का आहे. पहिल्या दिवशी लहान ओढा. गाडी लावून गवतातून चालत जायचं. काठ्या जोडायच्या आधी मी त्याला सांगणार आहे, पाण्यात उतरायच्या आधीच. एकदा पाण्यात उतरलो की बाबांच्या वेळचे तेरा दिवस गेले तसे हेही जातील, आणि मी पुन्हा हसून परत येईन. त्यानंतर तो माझ्याबरोबर पाण्यात उतरला तर उतरला. नाही उतरला तर मी काठावर बसून त्याला मासे धरताना बघेन. ते मी फार वर्षं बघितलेलं नाही.

बाबांचा निरोप माझ्याजवळ आहे. तो अवीचा आहे. मी अजून त्याला दिलेला नाही.